अंगण वर नेणारा माणूस : चार्ल्स कोरिया

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा प्रत्येकाला सांगितलं की नुसत्या आठवणी नकोत, आपापल्या क्षेत्रातल्या एखाद्या मोठ्या माणसाविषयी लिहा. डॉक्टर मंडळींनी डॉक्टर निवडले, बँकवाल्यांनी अर्थतज्ज्ञ. मी चाळीस वर्षं इमारतींच्या पायांचे आणि खांबांचे हिशेब करत आलो, तेव्हा माझ्याकडून एखाद्या इंजिनिअरची अपेक्षा असणार. पण मी एका आर्किटेक्टविषयी लिहिणार आहे. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांचं सासू-सुनेसारखं असतं हे आपल्यातल्या बांधकामवाल्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझी निवड मनापासूनची आहे हे त्यांना पटेल.

चार्ल्स कोरिया यांना जाऊन दशक उलटून गेलं. १६ जून २०१५ रोजी मुंबईतच ते वारले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं. आपल्या गिरगाव-दादर-परळ-लालबागच्या पट्ट्यात मात्र त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, आणि हे विचित्र आहे. कारण दादरला गोखले रोडवरून बसने गेलेल्या प्रत्येकाने त्यांची एक इमारत पाहिली आहे, आणि परळ स्टेशनवर गर्दीत घुसमटलेल्या प्रत्येकाचा त्यांच्या एका कागदावर राहून गेलेल्या नकाशाशी संबंध आहे. ते दोन्ही पुढे येईलच. आधी माणूस कोण होता ते सांगतो.

कोरिया घराणं मूळचं गोव्याचं. चार्ल्स यांचा जन्म मात्र १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद होता. गाडीपेक्षा तिचे रूळ जास्त आवडायचे: कुठे वळण घ्यायचं, कुठे सांधा बदलायचा, एकच गाडी एवढ्याशा खोलीत सगळीकडे कशी फिरवायची. आपण वास्तुकलेकडे कसे वळलो हे सांगताना ते पुढे या रुळांचा उल्लेख करत. ज्या माणसाने नंतर अख्ख्या शहराची आखणी हाती घेतली, त्याची सुरुवात जमिनीवर पालथं पडून रूळ जोडण्यात झाली, हे मला फार आवडतं.

कॉलेज मुंबईतलंच, धोबीतलावचं सेंट झेवियर्स. तिथून १९४९ साली ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे शिकवणाऱ्यांमध्ये बकमिन्स्टर फुलर होते, म्हणजे कमीत कमी सामानात जास्तीत जास्त जागा झाकणारे घुमट काढणारे गृहस्थ. १९५३ ते १९५५ बॉस्टनजवळच्या एमआयटीत. त्या काळात अमेरिकेत काच आणि पोलाद यांच्या उंच इमारतींची लाट होती. तिथे शिकलेल्या हुशार मुलाने तिथेच राहावं, नाहीतर परत येऊन इथे तशाच काचेच्या पेट्या उभ्या कराव्यात, असा सरळ रस्ता होता. कोरिया परत आले, आणि काचेच्या पेट्या त्यांनी उभ्या केल्या नाहीत. १९५८ साली मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं. त्यांचं ऑफिस पुढे बरीच वर्षं ऑपेरा हाऊसजवळ मॅथ्यू रोडवर होतं, म्हणजे आपल्या गिरगावकरांच्या चालत जाण्याच्या अंतरावर.

पहिलंच मोठं काम मिळालं ते साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय. वय अठ्ठावीस. त्यांनी सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद अशा चौरस खोल्यांचा एक साधा घटक ठरवला: विटांचे खांब, वर उतरतं कौलारू छप्पर, खिडकीला काच नाही तर लाकडी झडपा. असे घटक एकमेकांना जोडत गेले, मध्येमध्ये काही चौरस उघडे ठेवले, एका ठिकाणी पाणी ठेवलं. पुढे संग्रह वाढला तर आणखी चौरस जोडता यावेत ही सोय. १९६३ साली ते पुरं झालं. गांधीजींचं स्मारक म्हटल्यावर भव्य घुमट काढण्याचा मोह कुणालाही झाला असता. इथे भव्य काही नाही. आपण एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जातो, मध्ये ऊन लागतं, पुन्हा सावली येते. कोरियांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाचा मूळ सूर याच इमारतीत लागला होता: आपल्या हवेत उघडं आकाश हीसुद्धा एक खोली आहे.

हे वाक्य ऐकायला कवितेसारखं वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे. थंड देशात घर म्हणजे बंद खोका, कारण बाहेर बसताच येत नाही. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने माणूस सकाळ-संध्याकाळ बाहेर बसू शकतो, रात्री बाहेर झोपू शकतो. म्हणजे भिंती आणि छप्पर न घालता मिळालेली जागा वापरात येते, आणि ती सगळ्यात स्वस्त असते. कोरियांनी गरिबाच्या घराचा विचार करताना चार पायऱ्या सांगितल्या. पहिली स्वतःची खोली, जिथे स्वयंपाक, झोपणं, सामान. दुसरी उंबऱ्याबाहेरची जागा, जिथे मुलं खेळतात आणि शेजारीण येऊन टेकते. तिसरी पाण्याच्या नळाची जागा, जिथे सगळी वस्ती भेटते. चौथी मैदान. खोली लहान असली तर बाकीच्या तीन जागांनी ती भरून निघाली पाहिजे, आणि त्या तीन जागा कापून टाकल्या तर खोली कितीही नीट बांधा, घर निकामी होतं.

मित्रहो, हे वाचताना मला हसू आलं होतं. कारण आपल्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना हे कुणी शिकवायची गरज नाही. दहा बाय बाराची खोली, बाहेर कॉमन गॅलरी, मजल्याच्या टोकाला नळ आणि मोरी, खाली चौक. दहावीचा अभ्यास गॅलरीत, गणपती चौकात, भांडण नळावर. कोरिया चाळीत राहिलेले नव्हते, पण चाळीचं गणित त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी चाळीचे गोडवे गायले नाहीत. सार्वजनिक संडासाची रांग आणि गळकं छप्पर यात गाण्यासारखं काही नसतं. त्यांचं म्हणणं एवढंच की लोकांना इथून हलवून उंच ठोकळ्यात ठेवाल, तेव्हा खोलीबरोबर गॅलरी, नळ आणि चौक यांचंही काय करणार ते आधी सांगा.

आता उंच इमारतीकडे येतो. ज्या माणसाचा जीव अंगणात अडकला होता त्याने मुंबईतली सगळ्यात गाजलेली उंच इमारत बांधली, हा त्यांच्या आयुष्यातला मजेचा भाग आहे. पेडर रोडवर कंबाला हिलवर कांचनजंगा नावाची इमारत आहे. काम १९७० साली सुरू झालं, पुरं व्हायला १९८३ उजाडलं. उंची ८४ मीटर, २८ मजले, घरं फक्त ३२. कोरियांबरोबर आर्किटेक्ट प्रवीणा मेहता होत्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर होते शिरीष पटेल, म्हणजे केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल ज्यांनी आखला तेच.

प्रश्न असा होता. मुंबईत वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. शहरातली चांगली दृश्यंही पूर्व-पश्चिमेलाच: एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे बंदर. म्हणून घराचं तोंड पूर्व-पश्चिम हवं. पण दुपारचं भाजणारं ऊन आणि पावसाळ्यातला झोडपणारा पाऊस हेही पश्चिमेकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी यावर तोडगा काढला होता: घराभोवती रुंद व्हरांडा. ऊन आणि पाऊस व्हरांड्याने अंगावर घ्यायचे, वारा आत सोडायचा. कोरियांनी हाच व्हरांडा उचलून अठ्ठावीस मजले वर नेला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची कापून काढली, तिच्यात झाडं लावायची सोय केली आणि घराच्या खोल्या तिच्या आडोशाला ठेवल्या. घरं तीन ते सहा बेडरूमची, अर्धा किंवा एक मजला वर-खाली अशी एकमेकांत अडकवलेली. बाहेरून पाहिलं तर सरळ उभ्या ठोकळ्याच्या कोपऱ्यांचे कुणीतरी घास घेतल्यासारखे दिसतात.

माझ्यातला इंजिनिअर इथे गप्प बसू शकत नाही. इमारत तळाला २१ मीटर लांब, २१ मीटर रुंद, उंची तिच्या चौपट. अशा सडपातळ इमारतीला वारा आणि भूकंप आडवा ढकलतो तेव्हा साहजिक आधार म्हणजे कोपऱ्यांचे खांब, आणि इथे आर्किटेक्टने कोपरेच काढून टाकलेले. मग आडवा जोर घ्यायचा कुणी? शिरीष पटेलांनी मध्यभागी जिने-लिफ्टसाठी काँक्रीटची एक जाड चौकोनी नळी उभी केली, सुमारे ७.८ मीटर बाजूची. ती झाडाच्या बुंध्यासारखी सगळा आडवा जोर पेलते आणि कोपऱ्यांच्या गच्च्या सहा मीटरांहून जास्त पुढे झेपावतात. ही नळी स्लिपफॉर्म पद्धतीने ओतली, म्हणजे साचा सोडून पुन्हा बांधण्याऐवजी तोच हळूहळू वर सरकवत काँक्रीट सलग ओतत जायचं. त्या काळात आपल्याकडे घरांच्या इमारतीला ही पद्धत वापरणं धाडसाचं होतं. आर्किटेक्टने अवघड मागावं, इंजिनिअरने वाद घालावा आणि शेवटी दोघांनी मिळून सोपं उत्तर काढावं, याचा हा नमुना आहे. शिकाऊ पोरांना मी ही इमारत रस्त्यावरूनच दाखवत असे.

कोरियांनी हे एका उडीत साधलेलं नाही. त्याआधी नेपियन सी रोडवरच्या सोनमार्ग या इमारतीत त्यांनी बाहेरच्या बाजूला व्हरांडे, अभ्यासिका, न्हाणीघरं यांचा एक पट्टा ठेवून आतल्या राहत्या खोल्या उन्हापासून वाचवल्या होत्या. कांचनजंगात तोच पट्टा उघडा झाला, उंच झाला, त्याची बाग झाली.

पण बत्तीस घरं. ती कुणाची असणार हे सांगायला नको. कोरियांनाही ते चांगलं ठाऊक होतं. उंच इमारतींनी मुंबईचा घरांचा प्रश्न सुटेल असं त्यांनी कधीच मानलं नाही. उलट आयुष्यभर ते याच्या विरुद्ध बाजूने बोलत आणि लिहीत राहिले. त्यांचा हिशेब असा: उंच इमारतीला लिफ्ट लागते, पंप लागतो, पोलाद आणि सिमेंट जास्त लागतं, दुरुस्ती कंत्राटदाराशिवाय होत नाही. दोन मजल्यांचं बैठं घर गवंडी आणि घरमालक मिळून बांधतात, हातात पैसे येतील तसं वाढवतात. शिवाय रस्ते, शाळा, दवाखाने, मैदानं यांना माणसांच्या प्रमाणात जागा सोडायचीच असते, त्यामुळे मजले वाढवून वाचणारी जमीन वाटते तेवढी मोठी नसते. एका वस्तीच्या पातळीवर नीट आखणी केली तर बैठ्या घरांतही पुष्कळ माणसं मावतात.

हे त्यांनी बेलापूरला करून दाखवलं. १९८३ ते १९८६ या काळात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची वसाहत झाली. सात घरांचा एक घोळका, मध्ये साधारण आठ मीटर बाजूचं अंगण. असे तीन घोळके मिळून एक मोठं अंगण. आणि असं वाढत वाढत ओढ्याकाठचं मोकळं मैदान. प्रत्येक घर स्वतःच्या जमिनीवर, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे कुणाला न विचारता वाढवता येईल. जमिनीचे तुकडे गरीब-श्रीमंत सगळ्यांना जवळजवळ सारखे, पंचेचाळीस ते पंच्याहत्तर चौरस मीटर. पुढे लोकांनी ती घरं वाढवली, काहींनी पाडून मोठी बांधली. आज तिथे गेलं तर मूळ घरं शोधावी लागतात. काही जण याला अपयश म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. घरं बदलली, पण अंगणं अजून आहेत आणि त्यांत मुलं खेळतात.

बेलापूर म्हटलं की नवी मुंबई आलीच. साठच्या दशकात मुंबईला सरळ उत्तरेकडे वाढवत न्यायचं असा सरकारी विचार होता. दक्षिणेला कचेऱ्या, उत्तरेला घरं, आणि मध्ये लोकलमध्ये लटकणारी माणसं. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, म्हणजे पुढे कांचनजंगा बांधणाऱ्या त्याच त्रिकुटाने, १९६४ साली वेगळी सूचना मांडली आणि १९६५ साली मार्ग या नियतकालिकात ती सविस्तर छापून आली. शहराने खाडी ओलांडून पूर्वेला जावं, तिथे नुसती घरं नव्हेत तर सरकारी कचेऱ्या, बाजार, उद्योग हलवावेत, आणि बंदराभोवती वेढा घालून शहर गोल व्हावं. तिघेही तेव्हा तिशी-चाळिशीतले. कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी फी दिली नव्हती. सरकारने ती कल्पना उचलली, १९७० साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे प्रमुख आर्किटेक्ट झाले. १९७५ साली त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी मुंबईवर एक लघुपटही केला.

नवी मुंबई उभी राहिली हे आपण जाणतोच. आपल्या बॅचचे कितीतरी जण वाशी, नेरूळ, खारघरला राहतात. पण मूळ योजनेचा कणा होता सरकार स्वतः तिकडे हलण्याचा, आणि मंत्रालय जागचं हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे टॉवर उठले. रेल्वे वाशीला पोचायला १९९२ साल लागलं. ज्या गर्दीवर उपाय म्हणून खाडीपलीकडे जायचं होतं, ती गर्दी अलीकडेच राहिली. कोरिया यावर उघडपणे नाराज होते.

आता दादर. गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च म्हणजे आपल्यासाठी बसचा स्टॉप. तिथल्या चर्चचा इतिहास सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जातो, पण आज उभी असलेली इमारत कोरियांची, १९७४ ते १९७७ मधली. चर्च म्हटलं की उंच मनोरा, टोकदार कमानी आणि लांबलचक दालन डोळ्यांपुढे येतं. इथे तसं काही नाही. काँक्रीटची वर निमुळती होत गेलेली कवचं आणि त्यांच्यामध्ये उघडे चौक, असं एकमेकांत गुंतलेलं आहे. छप्पर वर उघडतं, तापलेली हवा तिकडून निघून जाते, चौकातून गार हवा आत येते. लग्नाला, बारशाला, मिस्साला आलेली माणसं चौकांत सांडतात आणि तरी चर्चमध्येच असतात. दादरच्या गजबजाटात पंखे नसतानाही हवा खेळेल अशी जागा करायची म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर एकदा स्टॉपवर उतरून आत जा. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर ती इमारत बसच्या खिडकीतूनच पाहिली आहे.

त्यांची बाकीची कामं नुसती मोजायची तरी पान पुरणार नाही. गोव्याची कला अकादमी, भोपाळचं भारत भवन आणि मध्य प्रदेशची विधानसभा, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पुण्यात प्रा. जयंत नारळीकरांच्या आयुका संस्थेचा परिसर. परदेशात एमआयटीची मेंदूविज्ञानाची इमारत, लिस्बनचं शाम्पालिमो संशोधन केंद्र. म्हणजे ज्या एमआयटीत विद्यार्थी होते तिथेच पन्नास वर्षांनी इमारत बांधायला त्यांना बोलावलं. १९७२ साली पद्मश्री, १९८४ साली ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचं रॉयल सुवर्णपदक, २००६ साली पद्मविभूषण. राजीव गांधींच्या काळात राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे ते अध्यक्ष होते.

पण माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम उभंच राहिलं नाही, आणि ते आपल्या अंगणातलं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण कुठे होतो हे प्रत्येकाला आठवतं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बरेचसे परत आतच गेले नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या आणि मागे राहिली जमीन: गिरणगावात मिळून सुमारे सहाशे एकर, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ साली नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन भाग करा: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि एक तृतीयांश मालकाला. त्यानंतर १९९६ साली राज्य सरकारने या सगळ्या जमिनींचा एकत्रित आराखडा करायला एक अभ्यासगट नेमला. त्याचे प्रमुख चार्ल्स कोरिया.

त्यांच्या आराखड्याचं मर्म समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. एकेका गिरणीचे वेगवेगळे तीन तुकडे केले तर प्रत्येक आवारात एक चिमूटभर बाग आणि दोन-चार इमारती घरं मिळतील, कुणालाच उपयोग नाही. सगळ्या गिरण्या एकत्र धरून आखणी केली तर खरी मोठी मैदानं, सलग रस्ते, शाळा आणि घरं बसवता येतील. खाजगी गिरण्यांच्या मालकांनी दारं उघडली नाहीत, त्यामुळे अभ्यासगटाला सरकारी मालकीच्या, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांपुरतंच बारकाईने काम करता आलं. तरी त्यात एक गोष्ट होती जी परळकरांनी डोक्यावर घेऊन नाचायला हवी होती. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड ही मध्य आणि पश्चिम रेल्वेची स्टेशनं जवळजवळ पाठीला पाठ लावून आहेत. गिरण्या गेल्यावर तिथे कचेऱ्या येणार, त्यांच्याबरोबर माणसांचा लोंढा येणार, हे ओळखून कोरियांनी दोन्ही स्टेशनं जोडणारा पायी चालणाऱ्यांसाठी प्रशस्त चौक सुचवला होता.

आराखडा फायलीत राहिला. २००१ साली नियमच बदलला: आता तीन भाग करायचे ते फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे, शेडखालच्या जमिनीचे नाहीत. गिरणी म्हणजे शेडच. मोकळी जमीन अशी असते किती? मैदानं आणि घरं यांचा वाटा एका ओळीच्या दुरुस्तीने आटला. प्रकरण कोर्टात गेलं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर जे टॉवर उठले ते आपल्या सगळ्यांना खिडकीतून दिसतात. गिरणी कामगारांच्या वाट्याला लॉटरीतून २२५ चौरस फुटांची घरं आली, तीही थोड्यांच्या.

आणि २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस पडत असताना, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. कोरियांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या चौकाचा नकाशा त्यांनी वीस वर्षांपूर्वीच काढून दिला होता. चौक झाला असता तर ती माणसं वाचली असती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण गर्दी कुठे येणार आहे हे एका माणसाला आधी दिसलं होतं, त्याने ते कागदावर मांडलं होतं, आणि ते ज्यांच्या हातात होतं त्यांना जमिनीचा भाव दिसत होता. एवढं तरी लिहून ठेवलं पाहिजे, आणि आपल्या शाळेच्या स्मरणिकेइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. त्या पुलावरून आपल्यातला कोण रोज गेला नाही?

त्यांच्याविषयी विरुद्ध बोलणारेही आहेत. श्रीमंतांसाठी बत्तीस घरांची इमारत बांधायची आणि गरिबांना बैठ्या घरांचे धडे द्यायचे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. आर्किटेक्टला पैसे देणारा मालक लागतो, आणि गरिबांचा मालक सरकार असतं. पण एक गोष्ट मी माझ्या धंद्यात पाहिली आहे: बहुतेक माणसं श्रीमंत गिऱ्हाईक मिळालं की दुसऱ्या गिऱ्हाइकाचा विचार सोडतात. कोरियांनी तो सोडला नाही. फोर्टच्या फुटपाथवर दिवसा फेरीवाले बसतात आणि रात्री बेघर झोपतात, हे पाहून त्यांनी फुटपाथला थोडा उंच ओटा आणि ठरावीक अंतरावर पाण्याचे नळ सुचवले होते: दिवसा दुकान, संध्याकाळी धुऊन काढायचं, रात्री स्वच्छ झोपायला जागा. कुणी बांधला नाही तो ओटा. पण कांचनजंगाच्या गच्चीचा आणि या ओट्याचा विचार एकाच डोक्यातून निघाला, आणि विचारही एकच होता.

आता आपल्यापैकी पुष्कळ जण पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. काहींची चाळ पडली, काही अठराव्या मजल्यावर राहायला गेले, काहींच्या सोसायटीत बिल्डरचा नकाशा मिटिंगमध्ये फिरतो आहे. परवा आपल्याच ग्रुपवर एकाने असा नकाशा टाकून विचारलं की काय बघायचं यात. कार्पेट एरिया सगळेच बघतात, तो बघाच. त्याशिवाय कोरियांचे चार प्रश्न विचारा. दाराबाहेर किती जागा आहे, की लिफ्टमधून उतरलं की थेट दार? शेजारी सहज भेटेल अशी एखादी जागा प्रत्येक मजल्यावर आहे का? पश्चिमेच्या उन्हापावसाला आडोसा आहे की नुसती काच? आणि खाली मुलांना खेळायला मैदान आहे की पार्किंगचे सात मजले? बिल्डर हसेल. हसू द्या, पण उत्तर लिहून घ्या आणि सह्या करण्याआधी ते मिटिंगमध्ये मोठ्याने वाचा.